हँडल किती उंच असावं?

सायकलचं हँडल किती उंच असावं, हा प्रश्न इतिहासाचा वाटत नाही. पाना घ्यावा, नट सैल करावा, हँडल वर-खाली करावं, झालं. पण गेल्या एकशेचाळीस वर्षांत या चार-सहा इंचांवरून डॉक्टर, शर्यतवाले, कारखानदार आणि आंतरराष्ट्रीय संघटना यांच्यात बरेच वाद झाले आहेत. त्या वादांचा निकाल कुणाच्या बाजूनं लागला, हे आमच्या लासुर्ण्यात रस्त्याकडेला उभं राहिलं तरी दिसतं.

लासुर्णे बारामती–इंदापूर रस्त्यावरचं गाव. हाच तुकोबांच्या पालखीचा मार्ग. आता तो राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. रस्ता रुंद झाला तशा रविवारी सकाळी रोडबाईकही दिसू लागल्या. हेल्मेट, चष्मा, घट्ट कपडे, आणि पाठ जमिनीला जवळपास समांतर. त्याच रस्त्यानं धोतर-टोपीतले एखादे आजोबा काळ्या सायकलवर ताठ बसून शेताकडे निघालेले असतात. एकाचं हँडल सीटपेक्षा बरंच खाली, दुसऱ्याचं सीटपेक्षा वर. मीही रोडबाईक चालवतो, आणि माझं लहानपण काळ्या सायकलच्या दांडीवर गेलं. त्यामुळे या फरकाकडे मला नुसतं गंमत म्हणून बघता येत नाही.

आजच्या सायकलचा साचा १८८५ सालचा. जॉन केम्प स्टार्ली यांनी इंग्लंडमध्ये ‘रोव्हर’ ही सेफ्टी सायकल आणली : दोन साधारण सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन. (आमच्या भागाचं रूप पालटणारा नीरा डावा कालवाही त्याच दशकातला.) त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलवर माणूस चाकाच्या डोक्यावरच बसायचा आणि हँडल मांडीपाशी असायचं. फार पुढे वाकलं की थेट तोंडावर आपटण्याची भीती. सेफ्टी सायकलनं ती भीती कमी केली आणि वाकण्याची सोय झाली. १८८८ साली डनलॉपचं हवेचं टायर आलं, वेग वाढला, आणि वेगाबरोबर वाऱ्याचा विरोध जाणवू लागला. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर विरोध चौपट. म्हणून शर्यतवाल्यांनी हँडल खाली घेतलं.

त्यांचं बघून १८९०च्या दशकात युरोप-अमेरिकेतले हौशी तरुणही रस्त्यावर वाकून सुसाट जाऊ लागले. त्यांना ‘स्कॉर्चर’ म्हणत. डॉक्टर मंडळींनी या वाकण्याला ‘कायफोसिस बायसिक्लिस्टारम’ असं भारदस्त लॅटिन नाव दिलं. म्हणजे सायकलवाल्यांचं कुबड. भीती अतिरंजित होती. पण हँडलची उंची ही शरीराच्या भल्याबुऱ्याची गोष्ट आहे, एवढं त्यातून पहिल्यांदा जाहीरपणे बोललं गेलं.

त्याच काळात मेजर टेलर हा कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडू १८९९ साली मॉन्ट्रियलमध्ये जगज्जेता झाला. हँडल पुढे-मागे सरकवता येईल असा एक जोड आजही त्याच्या नावानं ओळखला जातो. वर्णद्वेषापायी ज्याला अनेक मैदानांवर उभं राहू दिलं जात नव्हतं, त्याचं नाव यंत्र आपल्या अंगाला जुळवून घेण्याच्या युक्तीला चिकटलं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

भारतात रुळली ती मात्र शर्यतीची सायकल नव्हे. रॅले, हर्क्युलस अशा इंग्रजी रोडस्टरचं रूप इथं रुजलं आणि स्वातंत्र्यानंतर ते इथंच बनू लागलं : मद्रासला टी. आय. सायकल्स (१९४९), सोनीपतला अ‍ॅटलस (१९५१), लुधियानाला हिरो (१९५६). अठ्ठावीस इंची चाकं, स्प्रिंगची रुंद सीट, दांड्यांचे ब्रेक आणि उंच हँडल. यातली प्रत्येक गोष्ट दुसरीला धरून होती. हँडल उंच असलं की अंगाचा भार हातांवरून निघून बुडाखाली येतो, म्हणून सीट रुंद आणि स्प्रिंगची. नजर समोर राहते. हातांवर भार नसल्यानं खडबडीत वाटेवर मनगटं दुखत नाहीत.

आमच्या भागाला हे नेमकं मानवलं. एका अंगाला भवानीनगरचा साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला वालचंद हिराचंदांनी वसवलेलं वालचंदनगर, मध्ये पाटाच्या पाण्यावरचा ऊस. कारखान्याच्या भोंग्यावर निघालेला कामगार, कॅरिअरला दुधाचे कॅन अडकवलेला गवळी, वैरणीचा भारा बांधलेला शेतकरी, यांतल्या कुणालाच वारा कापायचा नव्हता. त्यांना ओझं सांभाळायचं होतं आणि वाटेत भेटेल त्याला रामराम घालायचा होता.

या सायकलीचं हँडल वर घेणं गावातल्या कुठल्याही सायकल दुकानात पाच-दहा मिनिटांचं काम. हँडलला धरणारी काटकोनी नळी, म्हणजे स्टेम, चिमट्याच्या नळीत खोल उतरलेली असते. तिच्यातून एक लांब बोल्ट जातो आणि खालच्या टोकाला पाचर असते. बोल्ट दोन-तीन आटे सैल करायचा, त्याच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा एक ठोका द्यायचा. पाचर सुटते आणि हँडल मोकळं होतं. हवं तेवढं वर घ्यायचं, पुढचं चाक दोन्ही पायांत धरून हँडल सरळ करायचं, बोल्ट आवळायचा. नळीचा किमान दोन-अडीच इंच भाग आत राहिला पाहिजे, नाहीतर ती ऐन रस्त्यात निसटते किंवा मोडते. हँडल हललं की ब्रेकच्या दांड्याही नव्यानं जुळवाव्या लागतात. एकच सायकल बाप, मुलगा आणि मागाहून पुतण्या वापरत असे. प्रत्येकाच्या अंगाप्रमाणे ती बदलत असे.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पाचरीची ही पद्धत महागड्या सायकलींतून जाऊ लागली. नव्या पद्धतीत चिमट्याची नळीच फ्रेमच्या वर येते आणि स्टेम तिला बाहेरून घट्ट धरतं. उंची ठरते ती स्टेमखालच्या कड्यांवर, म्हणजे स्पेसरवर. ही रचना हलकी आहे, भक्कम आहे, तिच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. अडचण एकच. नळी कापून बसवतात, आणि एकदा कापलेली नळी वाढत नाही.

माझ्या रोडबाईकची नळी ती हातात येण्याआधीच आखूड कापलेली होती. चाळीस किलोमीटरनंतर मान आखडायची, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. तळहाताच्या त्या कडेनं जाणारी नस दाबली गेली की असं होतं. शहरातल्या एका दुकानात सांगितलं, “पोट कमी करा, सवय होईल.” शेवटी स्टेम उलटं बसवून त्याचं तोंड वर केलं, आणखी चढा कोन असलेलं दुसरं स्टेम घेतलं, तेव्हा हँडल सीटच्या बरोबरीला आलं. बोटं शुद्धीवर आली. वेग किती घटला म्हणाल, तर मला मोजावासा वाटला नाही.

सवय होईल, या सल्ल्यामागे एक गृहीतक आहे : सायकल बरोबर, अंग चूक. पण शर्यतीतलं ‘बरोबर’ही कायमचं नसतं. १९९३ साली ग्रॅम ओब्री या स्कॉटिश खेळाडूनं हात छातीखाली दुमडून बसण्याची स्वतःची तऱ्हा काढली आणि तासाभरात ५१.५९६ किलोमीटर जाऊन जागतिक विक्रम केला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेनं त्या बसण्यावर बंदी घातली. विक्रमवीरानंही कसं बसायचं ते कुणीतरी ठरवलंच. मग ते हँडल जसंच्या तसं पन्नाशीच्या, दिवसभर खुर्चीत किंवा शेतात वाकलेल्या माणसापुढे ठेवायचं कशासाठी?

जी सायकल आपण मागासलेली म्हणून अडगळीत टाकली, तिच्यात हे उत्तर बसवूनच दिलेलं होतं. ती सगळ्यांच्या अंगाला एकदम बेतशीर नव्हती; पोरं तर दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकली. पण आपलं माप बदललं की तिचं माप बदलता येईल, एवढी जागा कारखान्यानं नळीत सोडलेली होती. नवी सायकल घेणाऱ्याला म्हणूनच मी रंग आणि गिअर विचारण्याआधी एकच सांगतो : नळी कापू देऊ नका. ती थोडी वर राहिली तर बेढब दिसेल, दुकानदार हसेल. हसू द्या. आज लागली नाही तरी ती जागा दहा वर्षांनी लागणार आहे, आणि तेव्हा सायकल बदलण्यापेक्षा दोन कड्या चढवणं कधीही सोपं.