मेंदूवरची साल

अक्रोड फोडला म्हणजे आतला गर जसा वळ्यावळ्यांचा निघतो, तसा आपला मेंदू दिसतो, हे आपणांपैकी पुष्कळांनी चित्रात पाहिले असेल. या वळ्यांवर दोन ते चार मिलिमीटर जाडीचे जे करडे वेष्टन असते, त्याला बाह्यक म्हणतात. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ झाडाची साल असाच आहे. या सालीच्या बहुतेक भागात मज्जापेशींचे सहा थर असतात, आणि अशी सहा थरांची साल सस्तन प्राण्यांखेरीज कोणाजवळही नाही. मग ती आली कोठून?

ग्राफ्टन इलियट स्मिथ हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. प्लॅटिपस आणि एकिडना हे अंडी घालणारे सस्तन प्राणी त्याच्याच मुलखातले, आणि अशाच प्राण्यांच्या मेंदूंचा अभ्यास त्याने सिडनीत केला. पुढे कैरोत शरीररचनेचा प्राध्यापक असताना (तेथे त्याने ममीही तपासल्या, पण तो निराळ्या व्याख्यानाचा विषय) १९०१ साली त्याने सहा थरांच्या या भागास 'नवे आच्छादन' अशा अर्थाचे नाव दिले. फ्रँकफर्टच्या लुडविग एडिंगरनेही जुना मेंदू आणि नवा मेंदू असा भेद केला. मासा, बेडूक, सरडा, पक्षी, मग सस्तन! जणू वाड्यावर मजले चढवीत जावे. कल्पना सुटसुटीत होती; शिवाय सर्वांत वरच्या मजल्यावर माणूसच बसत असल्यामुळे ती फारशी कोणास खटकली नाही. पक्ष्यांच्या मेंदूचा बराचसा भाग तर केवळ उपजत वृत्तींचा म्हणून निकालात निघाला.

वाडा डळमळू लागला तो १९६० नंतर. हार्वे कार्टेन याने कबुतराच्या मेंदूत दृष्टीच्या आणि श्रवणाच्या वाटा शोधल्या. त्या थेट अशा ठिकाणी जातात, ज्याची तुलना आपल्या बाह्यकाशी करता येते. अखेर २००४ साली शास्त्रज्ञांना पक्ष्यांच्या मेंदूची नावेच बदलावी लागली, आणि २०१६ साली पोपट व कावळ्यांच्या मेंदूतील पेशी मोजल्या तेव्हा त्या माकडांच्या तोडीच्या भरल्या. थर नाहीत, पण पेशी आहेत.

आपले थर घडतात तरी कसे? १९६१ साली अँजेव्हाइन आणि सिडमन यांनी उंदराच्या गर्भातील पेशींना किरणोत्सर्गी खूण लावून पाहिले. आधी जन्मलेल्या पेशी खाली बसतात. मागाहून जन्मलेल्या त्यांना ओलांडून वर जातात. राहत्या घरातूनच विटा वाहत वरचा मजला बांधावा, तसा हा प्रकार. कासवाच्या तीन थरांच्या सालीत मात्र हा क्रम उलटा असतो.

मग सस्तनांचा मेंदू वाढला कशापायी? विचार करण्यासाठी, असे म्हणण्याचा आपल्याला मोह होतो. २०११ साली मॉर्गेन्युकोडॉन आणि हॅड्रोकोडियम या सुमारे १९ ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या चिमुकल्या प्राण्यांच्या कवट्या न फोडता क्ष-किरणांनी तपासल्या गेल्या. आरंभीची वाढ दिसली ती वासाच्या भागात आणि अंगावरच्या केसांतून होणाऱ्या स्पर्शाच्या भागात. हुंगणे आणि चाचपणे, एवढ्यापासून सुरुवात.

आणि वळ्या? एकिडनाच्या सालीवर त्या भरपूर आहेत. त्याच्याच भाऊबंदातल्या प्लॅटिपसची साल मात्र गुळगुळीत आहे.