बर्फाळ तळ्यातलं ‘जिगिंग’ गंगापूर धरणात का चालत नाही?

कॅनडातलं एखादं गोठलेलं तळं. बर्फाला पाडलेलं गोल भोक आणि शेजारी स्टुलावर बसलेला माणूस. हातातल्या लहानशा काठीला तो वरच्या वर झटके देतो आणि मिनिटाभरात हाताएवढा लांब मासा भोकातून बाहेर येतो. असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. या प्रकाराला ‘जिगिंग’ म्हणतात, आणि त्यात हमखास दिसणारा मासा म्हणजे लेक ट्राउट.

रील बघून ऑनलाइन जिग मागवायचा आणि रविवारी गंगापूर धरण गाठायचं, असा बेत कुणाच्याही मनात येऊ शकतो. पण तिथे दिवसभर झटके देऊनही पिशवी रिकामीच राहण्याची शक्यता जास्त. त्यात दोष जिगचाही नाही आणि हाताचाही नाही. खरं कारण पाण्यात आहे. कसं, ते बघू.

जिग म्हणजे नेमकं काय?

जिग म्हणजे डोक्याशी शिशाचं किंवा दुसऱ्या धातूचं वजन ओतलेला गळ. त्यावर रबराचा, पिसांचा किंवा चकचकीत पत्र्याचा खोटा मासा असतो. खरं आमिष लावलंच पाहिजे असं नाही, कारण इथे माशाला फसवते ती हालचाल.

बोट थेट माशांच्या डोक्यावर उभी करायची. जिग सरळ खाली सोडायचा. तो तळाला टेकला की दोरी सैल पडते. मग काठी फूट-दीड फूट झटक्याने वर उचलायची आणि जिग पुन्हा खाली पडू द्यायचा. पडताना तो जखमी, लटपटणाऱ्या लहान माशासारखा दिसतो. बहुतेक वेळा मोठा मासा याच क्षणी झडप घालतो. म्हणून जिग खाली जात असताना दोरी पूर्ण ढिली सोडत नाहीत. नाहीतर मासा लागल्याचं हाताला कळतच नाही.

पाणी तीस-चाळीस मीटर खोल असेल, तर आपला नेहमीचा तंगूस कामाचा नाही. तो ताणला जातो आणि वरचा झटका खाली पोहोचेपर्यंत विरून जातो. त्यामुळे न ताणणारी विणलेली दोरी वापरतात. सोबतीला सोनार यंत्र असतं. त्याच्या पडद्यावर तळ, मासा आणि खाली जाणारा जिग, तिन्ही दिसतात.

लेक ट्राउट इतक्या खोल का राहतो?

लेक ट्राउट हा उत्तर अमेरिकेतला, सॅल्मनच्या कुळातला मासा. त्याला साधारण १० अंश सेल्सिअसच्या आसपासचं पाणी आणि भरपूर ऑक्सिजन लागतो. उन्हाळ्यात तळ्याचा वरचा थर तापला की तो खाली सरकतो.

आता थोडं शाळेतलं विज्ञान. पाणी सगळ्यात जड असतं ४ अंशांना. उन्हाळ्यात कोमट, हलकं पाणी वर तरंगतं आणि थंड, जड पाणी तळाशी बसतं. या दोघांमध्ये एक पट्टा असतो, जिथे तापमान झपाट्याने उतरतं. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. वसंतात आणि शरदात वरचं-खालचं तापमान सारखं झालं की वाऱ्याने सगळं तळं ढवळून निघतं आणि ताजा ऑक्सिजन तळापर्यंत पोहोचतो. अशा तळ्याचा तळ थंडही असतो आणि श्वास घेण्याजोगाही.

त्यात लेक ट्राउट हा शिकारी मासा. तो लहान मासे पाठलाग करून खातो. हवेच्या पिशवीतली जास्तीची हवा तो तोंडावाटे सोडू शकतो, त्यामुळे जिगच्या मागे खालून पार वरपर्यंत धावत येतो. जिगिंगची युक्ती या सवयींवर बेतलेली आहे.

आता गंगापूरला येऊ

गोदावरीवरचं गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झालं. मातीचं हे धरण सुमारे ३६ मीटर उंच आहे. म्हणजे धरण काठोकाठ भरलं, तरी भिंतीजवळच्या सगळ्यात खोल भागातही पाणी याहून कमीच. तुलनेसाठी, लेक ट्राउटचं जुनं घर असलेलं लेक सुपिरियर ४०६ मीटरपर्यंत खोल आहे. नाशिककरांना जवळची असलेली दुसरी खोल जागा म्हणजे १९२६ मध्ये पूर्ण झालेलं भंडारदऱ्याचं विल्सन धरण. त्याची उंची सुमारे ८२ मीटर.

पण नुसती खोली पुरत नाही. उन्हाळ्यात तळाशी जे गार पाणी असतं, ते हिवाळ्यात थंड होऊन खाली बसलेलं पाणी असतं. निफाडमध्ये थंडीत हवेचा पारा कधी कधी ५ अंशांखाली जातो खरा. पण तो पहाटेच्या काही तासांपुरता, आणि दिवसा पुन्हा ऊन असतं. एवढ्याने धरणाचं सगळं पाणी १०-१२ अंशांपर्यंत उतरत नाही. म्हणजे ट्राउटला हवा तो थंड थर आपल्या धरणांत तयारच होत नाही.

दुसरी अडचण ऑक्सिजनची. पावसात वाहून आलेला गाळ आणि पालापाचोळा तळाशी कुजतो. कोमट पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यातला बराचसा या कुजण्यात संपतो. त्यामुळे कडक उन्हाळ्यात अशा जलाशयांच्या तळाशी मासे थांबायला तयार नसतात. कॅनडात खोल जाल तितका मोठा मासा भेटू शकतो, तर इथे त्या दिवसांत सगळ्यात खोल जागा सगळ्यात ओसाड असू शकते.

तिसरी गोष्ट म्हणजे पाण्याची पातळी. गंगापूरचं पाणी नाशिक शहर पितं, शेतीलाही जातं. ऑक्टोबरमध्ये जिथे पाणी असतं, तिथे मे महिन्यात भेगाळलेली जमीन दिसते. माशांच्या जागा महिन्यागणिक बदलतात.

इथला मासा जिगला भुलतो का?

आपल्या धरणांतले मुख्य मासे म्हणजे कटला, रोहू आणि मृगळ. कटला पाण्याच्या वरच्या थरात प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात वनस्पती आणि शेवाळ खातो. मृगळ तळाशी कुजका पाला चिवडतो. तिघांपैकी एकही लहान माशाचा पाठलाग करत नाही. मग लटपटणाऱ्या खोट्या माशाकडे ते कशाला बघतील?

म्हणूनच इथे कणकेचा गोळा, गांडूळ आणि तरंगणारा फ्लोट चालतो. काठावरचे जुनेजाणते गळ टाकून तास-दोन तास गप्प बसतात, तो आळस नव्हे. आमिषाचा वास पसरायला आणि मासा जमायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

जिगला प्रतिसाद देतील असे शिकारी मासेही आहेत. मरळ, शिवडा, शिंगाळा ही त्यांतली नावं. पण मरळ हवेतूनही श्वास घेतो आणि काठाजवळच्या उथळ, गवताळ पाण्यात राहतो. शिवडा आणि शिंगाळा तळाजवळ, जुन्या नदीपात्राच्या कडेला आणि खडकांच्या आसपास फिरतात. त्यांच्यासाठी हलका जिग आणि काही मीटर पाणी पुरतं. तीस मीटरवर शिसं सोडण्यात अर्थ नाही.

मग ट्राउटच आणून सोडला तर?

भारतात ट्राउट आहे. इंग्रजांनी १९०० च्या आसपास तो काश्मीरमध्ये आणला, निलगिरीतही रुजवला. पण ते ब्राऊन आणि रेनबो ट्राउट, आणि तेही थंड डोंगराळ पाण्यात. नाशिकच्या उन्हाळ्यात ते तगणार नाहीत.

जिथे परका मासा तगतो, तिथे काय होतं याचं उदाहरण खुद्द लेक ट्राउटनेच दिलंय. अमेरिकेतल्या यलोस्टोन तळ्यात कुणीतरी परवानगीशिवाय सोडलेला लेक ट्राउट १९९४ मध्ये सापडला. त्याने तिथल्या मूळच्या कटथ्रोट ट्राउटचा फडशा पाडला. ते मासे खाऊन जगणाऱ्या प्राण्या-पक्ष्यांनाही झळ बसली. आज तिथे लेक ट्राउट जाळी लावून मुद्दाम काढला जातो.

उलट लेक सुपिरियरमध्ये, जिथे तो मूळचा, तिथे बेसुमार मासेमारी आणि समुद्रातून शिरलेला लॅम्प्रे हा परजीवी यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यात तो जवळपास संपला. तळ्याच्या बहुतांश भागात तो पूर्ववत झाल्याचं जाहीर व्हायला २०२४ साल उजाडलं.

गळ घेऊन निघण्याआधी

इथली धरणं मासेमारीसाठी मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे दिली जातात. कटला-रोहूसारखे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळी प्रवाह लागतो. म्हणून धरणात दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडावी लागतात. त्यांचा खर्च आहे आणि त्यावर घरं चालतात. तेव्हा आधी संस्थेला किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा, आणि बारका मासा लागला तर ओल्या हाताने सोडून द्या. पहिल्या पावसातले चढणीचे मासे अंडी घालायला निघालेले असतात, त्यांनाही जाऊ द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्वतःचा जीव. पाणी उतरल्यावर काठावर उरलेला गाळ वरून सुकलेला दिसतो, पण आत पाय रुततो. काठापासून दोन पावलांवर एकदम खोल उतार असू शकतो. धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाजांजवळ जाऊ नका, एकटे जाऊ नका, आणि होडीत बसणार असाल तर लाइफ जॅकेट घाला. कॅनडातला तो रीलवाला माणूससुद्धा स्टूल मांडण्याआधी बर्फ किमान चार इंच जाड आहे का, हे मोजून बघतो.