गावकुसापासून सोसायटीच्या फाटकापर्यंत

गावाची रचना ही जातीची रचना असते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. वस्ती कोणत्या दिशेला, पाणवठा कोणाचा, वाट कोणाची, हे सारे गावकुसाने ठरवून ठेवले होते. शहरात गेले की हे सुटेल, अशी आपल्या आधीच्या पिढीची धारणा होती. पण शहरात घर देणारी जी नवी संस्था उभी राहिली, ती सहकारी गृहनिर्माण सोसायटी, जन्मापासूनच जातीचे बोट धरून चालली. हा इतिहास ध्यानात घेतल्याशिवाय सोसायटीतले आपले हक्कही नीट कळणार नाहीत.

1904 च्या कायद्याने सहकारी पतसंस्था आल्या. 1912 च्या कायद्याने इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या. 1915 साली मुंबईत गावदेवीला सारस्वत गृहनिर्माण संस्था निघाली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे या चळवळीचे अध्वर्यू. नोकरदारांनी भागभांडवल जमवावे, संस्थेने इमारत बांधावी, घरमालकाच्या जाचातून सुटावे, ही कल्पना निःसंशय पुरोगामी होती. मात्र या सहकारातला 'आपण' हा जातीपुरता होता.

त्यानंतर दोनच वर्षांनी, 1917 मध्ये, कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. त्यांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी निवासात राहिले, आणि थोड्याच दिवसांत लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एका बाजूला जातभाईंची सहकारी इमारत, दुसऱ्या बाजूला पदवीधराला नाकारलेली खोली, ही दोन्ही दृश्ये एकाच काळातली आहेत.

ही गोष्ट जुनी झाली असे कोणी म्हणेल. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरतेच ठेवणारा उपविधी केला होता. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. संघ स्थापन करण्याच्या स्वातंत्र्याचा आधार त्यासाठी घेतला गेला. ज्या स्वातंत्र्याने शोषितांनी संघटित व्हायचे, त्याच स्वातंत्र्याने दार लावूनही घेता येते, हा या निकालाचा अर्थ.

मग मागासवर्गीयांच्या स्वतंत्र सोसायट्या काय वेगळ्या? स्वातंत्र्यानंतर अशा सोसायट्यांना सरकारने जमीन आणि अर्थसाहाय्य दिले. दोहोंना एकाच तागडीत तोलता येणार नाही. एकाने दार लावले आहे. दुसऱ्याने दारे बंद होती म्हणून आपले घर उभे केले आहे. मात्र सरकारी जमिनीवरचे घर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. हे माहीत नसल्याने पुढच्या पिढीच्या हातून घर निसटू शकते.

मराठवाड्याची वाट आणखी निराळी. हा प्रदेश 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, 1956 मध्ये मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चा. तो 1962 पासून लागू झाला. पुढे 1978 च्या नामांतर-विरोधी दंगलीत नांदेड जिल्ह्यातल्या दलितवस्त्या जळाल्या. पोचीराम कांबळे आणि जनार्दन मवाडे यांचे बळी याच जिल्ह्यातले. घर जळलेला माणूस शहरात घर शोधतो, तेव्हा त्याला केवळ चार भिंती नको असतात, सुरक्षितता हवी असते. विष्णुपुरीला 1981 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय आले, 1994 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. गावाकडून आलेला पहिल्या पिढीचा शिक्षक, लिपिक, शिपाई आज अशा परिसरात प्लॉट वा फ्लॅट घेतो. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येकाने जाणाव्यात.

फ्लॅटच्या सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेच्या मालकीची होते. त्यासाठी बिल्डरने संस्था नोंदवून अभिहस्तांतरण करून दिले पाहिजे. तो टाळत असेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. सभासदत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळविणे संस्थेला बंधनकारक आहे. नकार मिळाल्यास निबंधकाकडे दाद मागता येते. आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवायला संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवावे लागते. आणि बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. देणगीच्या नावाखाली हस्तांतरणाची जादा रक्कम मागणे नियमबाह्य आहे. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपूर्वी झाली पाहिजे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास मज्जाव करणे हा नागरी हक्क संरक्षण कायदा, 1955 अन्वये गुन्हा आहे.

सोसायटीत प्रत्येक सभासदाला एकच मत असते, भाग कितीही असोत. गावाच्या पंचायतीत आपल्या वाडवडिलांना जे कधी लाभले नाही, ते येथे कायद्याने मिळाले आहे. परंतु सभेला न जाणाऱ्याचे मत कोणी मोजत नाही. इतिवृत्ताची प्रत मागा, हिशेब वाचा, कार्यकारी समितीतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या व स्त्रियांच्या राखीव जागा रिकाम्या राहू देऊ नका. तुमच्या जागी दुसऱ्याने सही करायची प्रथा पडली, की फाटक पुन्हा एकाच्याच हाती जाते.