डेटाबेस-विद्येची दोन अंगे : रचना आणि प्रशासन

विद्यापीठांच्या संगणकशास्त्र विभागांतून डेटाबेसची रचना आणि त्याचे प्रशासन हे दोन विषय बहुधा एकाच अभ्यासक्रमात शिकविले जातात. वरकरणी पाहता त्यांच्यात फारसे साम्य नाही. कोणती माहिती कोणत्या कोष्टकात मांडावी, हा पहिल्याचा विचार तर्कशास्त्राच्या जवळचा. तर प्रवेशाचा अधिकार कोणास द्यावा, बिघाड झाल्यास नोंदी पूर्ववत् कशा कराव्यात, हा दुसऱ्याचा विचार दप्तरखान्याच्या कारभाराशी जुळणारा. तरीही त्यांचे साहचर्य केवळ अध्यापनाच्या सोयीचे नाही. १९७० च्या सुमारास घडलेल्या एका वैचारिक विभाजनात त्याचे मूळ आहे.

त्यापूर्वीच्या पद्धतींत हे विभाजन नव्हते. चार्ल्स बाकमन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९६० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत सिद्ध केलेल्या पद्धतीत नोंदी एकमेकींशी साखळीने जोडलेल्या असत. अपोलो मोहिमेच्या कामातून उदयास आलेल्या आयबीएमच्या आयएमएस या पद्धतीत त्यांची मांडणी वंशवृक्षासारखी होती. दोन्हींत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास एका नोंदीवरून दुसरीकडे जाण्याची वाट स्वतः ठाऊक असावी लागे. १९७३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात बाकमन यांनी प्रोग्रॅमकाराला नावाड्याची उपमा दिली, ती याच अर्थाने. मात्र साठवणीची मांडणी बदलली की वाटा बदलत आणि जुने प्रोग्रॅम निकामी होत. शिवाय, पूर्वी न कल्पिलेला प्रश्न विचारावयाचा तर वाट जाणणाऱ्या तज्ज्ञावाचून गत्यंतर नसे. माहिती संस्थेची, परंतु तिच्यापर्यंत पोहोचण्याचे सामर्थ्य मोजक्या हातांत, अशी ही स्थिती होती.

या स्थितीवर एडगर कॉड यांनी आघात केला. हे इंग्रज गणितज्ञ आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत काम करीत होते. जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी असे प्रतिपादिले की, माहिती यंत्रात कशी साठविली आहे हे तिचा उपयोग करणाऱ्यास जाणावे लागू नये. त्याच्यापुढे केवळ संबंध, म्हणजे साधी कोष्टके, असावीत. काय हवे ते त्याने सांगावे, कसे मिळवावे ते यंत्रणेने ठरवावे.

परंतु कोष्टक हे साधे असले तरी निर्दोष असतेच असे नाही. विद्यार्थ्याचे नाव, पत्ता, विषय, विषयाचा अध्यापक आणि गुण ही सारी माहिती एकाच कोष्टकात लिहिली, अशी कल्पना करावी. विद्यार्थ्याने पाच विषय घेतले तर त्याचा पत्ता पाच ठिकाणी येईल. त्यांपैकी चारच ठिकाणी तो दुरुस्त झाला, तर एकाच व्यक्तीचे दोन पत्ते दप्तरात नांदू लागतील. एखाद्या विषयाच्या एकमेव विद्यार्थ्याने तो सोडल्यास त्याच्या ओळीबरोबर विषयाच्या अध्यापकाची नोंदही नाहीशी होईल. कॉड यांनी १९७१ मध्ये दुसरे व तिसरे प्रसामान्य रूप मांडले, ते अशाच दोषांच्या निवारणार्थ. प्रत्येक वस्तुस्थिती एकाच ठिकाणी नोंदवावी, हे त्यांचे सार होय. येथे डेटाबेसची रचना अनुभवी कारागिराच्या अंदाजातून सुटून सिद्ध करता येण्याजोगी विद्या झाली. पुढे १९७६ मध्ये पीटर चेन यांनी वस्तू आणि त्यांचे परस्परसंबंध आकृतीने दाखविण्याची पद्धत देऊन तिला वर्गात शिकविण्याजोगे साधन पुरविले.

कॉड यांच्या मताला विरोधही झाला. १९७४ मध्ये अ‍ॅन आर्बर येथे भरलेल्या परिषदेत त्यांचा व बाकमन यांचा वाद गाजला. यंत्र स्वतः वाट शोधू लागल्यास काम असह्य मंदावेल, असा प्रमुख आक्षेप होता. आयएमएसवर मोठे उत्पन्न मिळविणाऱ्या आयबीएमलाही नव्या विचाराची घाई नव्हती. आक्षेपाचे उत्तर युक्तिवादाने मिळाले नाही; ते प्रत्यक्ष रचनेने मिळाले. आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रकल्पातून एसक्यूएल भाषा जन्मास आली; याच प्रकल्पातील पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक संभाव्य वाटांचा खर्च अजमावून स्वस्त वाट निवडण्याची रीत १९७९ मध्ये प्रसिद्ध केली. बर्कली येथे मायकेल स्टोनब्रेकर व यूजीन वाँग यांनी इन्ग्रेस उभारले. त्याच्या प्रती इतर विद्यापीठांस अल्प मोलात मिळत असल्याने विद्यार्थ्यांना अशा यंत्रणेचे अंतरंग प्रत्यक्ष अभ्यासता आले.

येथेच प्रशासनाचे स्थान स्पष्ट होते. वाटेचे ज्ञान प्रोग्रॅममधून निघून गेले, पण ते नष्ट झाले नाही. त्याचा काही भाग यंत्रणेकडे व काही भाग प्रशासकाकडे आला. कोणत्या स्तंभावर अनुक्रमणिका बांधावी, कोणास काय वाचू द्यावे, अर्धवट राहिलेला व्यवहार कसा मागे घ्यावा, हे निर्णय पूर्वी विखुरलेले होते. ते आता एका पदाशी एकवटले. जिम ग्रे यांनी व्यवहाराच्या संकल्पनेला दिलेल्या शास्त्रीय रूपामुळे या कामासही तात्त्विक पाया लाभला. प्रश्न विचारणाऱ्यास मिळालेल्या स्वातंत्र्याचे मूल्य, असे प्रशासनाचे वर्णन करणे म्हणूनच उचित ठरेल.

ख्रिस्तोफर डेट यांचे पाठ्यपुस्तक १९७५ मध्ये आले. हेन्री कोर्थ व अब्राहम सिल्बरशाट्झ यांचे १९८६ चे पुस्तकही सर्वत्र प्रचलित झाले. मुंबईच्या आयआयटीतील एस. सुदर्शन पुढे त्याचे सहलेखक झाले. अशा ग्रंथांतून दोन्ही अंगे एकत्र नांदली, हे इष्टच झाले. केवळ एसक्यूएलच्या आज्ञा पाठ करणाऱ्यास दोन पत्त्यांचा दोष दिसणार नाही; केवळ प्रसामान्य रूपे जाणणाऱ्यास दप्तर कोणाच्या हाती आहे हे उमगणार नाही. प्रसामान्य रूप नोंदींतील टाळता येण्याजोगी विसंगती रोखते, परंतु नोंद खरी आहे याची हमी देत नाही. कोणता स्तंभ असावा व तो कोणी भरावा, हा निर्णय अखेर माणसांचा असतो. आणि ज्याच्यासाठी कोष्टकात जागाच ठेवलेली नाही, त्याच्याविषयी कितीही निर्दोष प्रश्न विचारला तरी उत्तर मिळत नाही.