थॅलिडोमाइड : बदनाम औषध आणि मायलोमा (थ्रेड)

ऑक्टोबर १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत ‘कॉन्टरगॅन’ नावाचे झोपेचे औषध विक्रीस आले. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळे. गरोदर स्त्रिया मळमळीवरही घेत. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते बाजारातून मागे घ्यावे लागले. तोवर हातपाय खुंटलेली हजारो बालके जन्मली होती. हेच थॅलिडोमाइड. अमेरिकेत औषध प्रशासनातील फ्रान्सिस केल्सी यांनी पुरावा अपुरा ठरवून त्याची परवानगी रोखून धरली होती.

ते पुरते संपले नाही. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन यांनी वेदनेने तळमळणाऱ्या कुष्ठरुग्णाला केवळ झोप लागावी म्हणून ते दिले, आणि त्याच्या अंगावरच्या दुखऱ्या गाठीच ओसरल्या.

मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. त्याच्याकडे थॅलिडोमाइड वळले ते बोस्टनहून. अर्बुदाला वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्या रोखाव्यात, हा ज्युडा फोकमन यांचा विचार. त्यांच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट डी’अमॅटो यांनी १९९४ मध्ये सशाच्या डोळ्यावर दाखवले की थॅलिडोमाइड हे काम करते.

१९९७ मध्ये मायलोमाने ग्रासलेल्या एका तरुणाच्या पत्नीने फोकमन यांना गाठले. त्यांच्या सूचनेवरून आर्कान्सामधील लिटल रॉकचे बार्ट बार्लोगी हे औषध देऊन पाहण्यास तयार झाले. त्या तरुणाला गुण आला नाही. काही महिन्यांत तो गेला. पण प्रयोग थांबला नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये ८४ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लेखकांत पहिले नाव सीमा सिंघल यांचे. बहुतेकांचा आजार तीव्र केमोथेरपीनंतर उलटलेला होता, तरी ३२ टक्के रुग्णांना प्रतिसाद मिळाला. मायलोमावरील नव्या औषधांची वाट इथून खुली झाली.

गंमत अशी, की ज्या तर्काने औषध दिले गेले त्याला याच निबंधाने पुरेसा आधार दिला नाही. गुण आलेल्या रुग्णांच्या मज्जेत रक्तवाहिन्यांची दाटी लक्षणीय घटलेली नव्हती. उपचार बरोबर होता, कारण बहुधा दुसरेच होते.

ते कारण जपानमध्ये सापडले. हिरोशी हांडा व ताकुमी इतो यांनी सूक्ष्म चुंबकीय मण्यांना थॅलिडोमाइड जोडून पेशीतील कोणते प्रथिन त्याला चिकटते ते शोधले. २०१० मध्ये नाव जाहीर झाले : सेरेब्लॉन. पेशीतील नको असलेल्या प्रथिनांवर नाशाची खूण करणाऱ्या यंत्रणेचा तो भाग आहे. हांडांचा मूळ प्रश्न मात्र कर्करोगाचा नव्हता. गर्भाला इजा का होते, हा होता.

२०१४ मध्ये थॅलिडोमाइडच्या सुधारित भावंडावर, लेनालिडोमाइडवर, काम करताना दिसले की हे औषध सेरेब्लॉनला वेगळ्याच भक्ष्यांकडे वळवते : इकॅरॉस आणि आयोलॉस. मायलोमाच्या पेशी या दोन प्रथिनांवर जगतात. आणि २०१८ मध्ये याच वाटेने नष्ट होणारे आणखी एक प्रथिन पुढे आले, एसएएलएल-४. गर्भाच्या अवयवांच्या घडणीत त्याचे काम असते.

अमेरिकेने १९९८ मध्ये कुष्ठरोगातील त्या गाठींसाठी, आणि २००६ मध्ये डेक्सामेथासोनच्या जोडीने मायलोमासाठी, थॅलिडोमाइडला मान्यता दिली. पहिल्या मान्यतेच्या वेळी केल्सी त्याच खात्यात कामावर होत्या. गर्भ राहू शकेल अशा स्त्रीला ते गर्भचाचणीशिवाय मिळत नाही.