आकाशातली ऊ

1934 साली आंरी मिन्ये नावाच्या फ्रेंच गृहस्थाने पुस्तक लिहून जाहीर केलं, की ज्याला लाकडी खोकं नीट ठोकता येतं त्याला विमानही बांधता येईल. नुसतं जाहीर करून थांबला नाही, मापं, आकृत्या सगळं देऊन टाकलं. आजच्या भाषेत ओपन सोर्सच म्हणा ना!

विमानाचं नाव 'पू-द्यू-सिएल', म्हणजे आकाशातली ऊ (उच्चार मराठी कानाला जरा विचित्र, पण नाइलाज आहे). एकच सीट, लाकूड आणि कापड, पंख जेमतेम 6 मीटर, 17 अश्वशक्तीचं इंजिन. 10 सप्टेंबर 1933ला ते पहिल्यांदा उडलं. 1935 मध्ये मिन्येने त्यातून इंग्लिश खाडी पार केली आणि मग काय, फ्रान्स-इंग्लंडात गॅरेजा-गॅरेजांत ठोकाठोकी सुरू झाली.

खरी गंमत डिझाइनची. मिन्येला नेहमीची विमानं काही जमत नसत. हातापायांचा मेळ चुकला की विमान स्टॉल होतं, गिरक्या घेत खाली येतं आणि नवशिके मरतात. म्हणून त्याने एलेरॉन काढले, पायातली पेडल्सही काढली. उरली एक दांडी. डावी-उजवीकडे केली की रडर हलणार, मागे ओढली की पुढचा अख्खा पंखच तिरपा होऊन नाक वर येणार. त्याच्या मागे लगेच दुसरा पंख, मधे फक्त एक फट, तीही स्टॉल टाळायला. युजरला चूक करताच येऊ नये असा इंटरफेस! मला तर ही कल्पना अजूनही भयंकर आवडते.

पण 1935-36 मध्ये या उवा सूर मारून जमिनीवर आदळू लागल्या. माणसं गेली. शेवटी 1936 मध्ये इंग्लंडात फार्नबरोला आणि फ्रान्समध्ये शाले-मदाँला अख्खं विमान वातबोगद्यात ठेवून तपासलं, तेव्हा उलगडा झाला. दांडी ओढली की ती फट अरुंद व्हायची, हवा तिथून जोरात जायची आणि मागच्या पंखाचीच उचल वाढायची. म्हणजे शेपटाकडची बाजू वर, नाक आणखी खाली. नाक एकदा साधारण 15 अंशांपलीकडे झुकलं, की दांडी कितीही ओढा, विमान सरळ होईना. घाबरलेला माणूस अर्थात ओढतच राहणार.

आता पॅच काढला तरी पोचवायचा कुठे? पुस्तक विकलं गेलेलं, लाकूड कापून झालेलं. ब्रिटनने उड्डाणाचे परवाने देणंच बंद केलं.

मिन्ये मात्र थांबला नाही. पंखांची मांडणी बदलून तो 1965 मध्ये मरेपर्यंत नवनवी मॉडेल्स काढत राहिला. त्याच्या सुधारित उवा अजूनही लोक घरी बांधतात, आणि त्या उडतातही.