छापील तक्ता नसताना: जुन्या नायट्रो एक्सप्रेस रायफली आणि त्यांची काडतुसे

रायफलीचे काडतूस चार घटकांचे असते : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, दारू आणि गोळी. झाडल्यानंतर दारू जळून जाते, गोळी निघून जाते, प्रायमर निकामी होतो; पुंगळी मात्र पुन्हा वापरण्याजोगी उरते. तीत नवा प्रायमर, तोललेली दारू आणि नवी गोळी बसवण्याच्या कामास हँडलोडिंग म्हणतात. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांत नेमबाज व शिकारी हे काम कायद्याच्या चौकटीत राहून पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत.

या कामाचा आधार म्हणजे दारू व गोळ्यांच्या उत्पादकांनी प्रसिद्ध केलेले तक्ते. अमुक काडतूस, अमुक वजनाची गोळी आणि अमुक दारू यांसाठी आरंभीचा भार किती व कमाल भार किती, हे त्यांत दिलेले असते. हे आकडे दाबमापक बसवलेल्या प्रयोगशाळेतील नळीतून प्रत्यक्ष गोळ्या झाडून मिळवलेले असतात. तक्ता असेल तर हँडलोडरला दाब स्वतः मोजावा लागत नाही. मोजणी दुसऱ्याने आधीच केलेली असते. तक्ता नसेल तेव्हा नेमकी हीच मोजणी हरवलेली असते. तिची जागा काय घेऊ शकते आणि काय घेऊ शकत नाही, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ब्रिटिश दुनळी रायफलींची नायट्रो एक्सप्रेस काडतुसे.

काडतुसे अनाथ कशी झाली

१८९८ च्या सुमारास लंडनच्या जॉन रिग्बी अँड कंपनीने .४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस बाजारात आणले. ७० ग्रेन कॉर्डाइट आणि ४८० ग्रेन, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम वजनाची गोळी. वेग सेकंदाला सुमारे २१५० फूट. हत्ती, गवा, वाघ यांच्या शिकारीसाठी ते पाहता पाहता प्रमाणभूत ठरले. मात्र लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलीचा व्यासही .४५० असल्याने बंडखोरांच्या हाती दारूगोळा जाईल, या भीतीने १९०७ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थान व सुदान येथे या व्यासाच्या आयातीवर बंदी घातली. बंदूककारांनी व्यास किंचित बदलून वाट काढली आणि .४७०, .४६५, .४७५ अशी नवी काडतुसे जन्मास आली. हिंदुस्थानासाठी काढलेल्या एका हुकुमाने जगभरच्या मोठ्या शिकारी रायफलींची मापे अशी बदलून टाकली. संस्थानी काळातील शिकारखान्यांत ज्या ब्रिटिश दुनळी रायफली जमा झाल्या, त्यांतील अनेक याच घराण्यातील होत.

१९६० नंतर मागणी घटली आणि बर्मिंगहॅमच्या कायनॉक या मुख्य उत्पादकाने ही काडतुसे बनवणे थांबवले. कॉर्डाइटही व्यापारी बाजारातून गेले. पोलादी रायफली शाबूत होत्या, पण त्यांत घालावयाचे काडतूस उरले नव्हते. आधुनिक दारूसाठी या काडतुसांचे छापील तक्तेही जवळजवळ नव्हते. १९९० च्या दशकात कायनॉक या नावाखाली कारखान्यात भरलेली काडतुसे पुन्हा मिळू लागली. तोवरच्या काळात रायफली चालत्या ठेवण्याचा भार हँडलोडरांवरच होता.

नळीवर कोरलेला पुरावा

छापील तक्ता नसला तरी या रायफली अगदीच मुक्या नाहीत. ब्रिटनमध्ये विक्रीपूर्वी प्रत्येक बंदुकीची सरकारमान्य प्रूफ हाउसमध्ये जादा दाबाच्या काडतुसाने परीक्षा होते. लंडनचे प्रूफ हाउस सतराव्या शतकातील गनमेकर्स कंपनीच्या सनदेतून आले, तर बर्मिंगहॅमचे १८१३ च्या कायद्याने. परीक्षा उतरलेल्या नळीवर ठसे उमटवले जात आणि नायट्रो रायफलींवर कॉर्डाइटचा कमाल भार व गोळीचे वजनही कोरले जाई. रायफल कोणत्या कामासाठी घडवली, हे त्या ठशांत वाचता येते. म्हणून पहिले पाऊल वजनकाट्याकडे नव्हे, जाणत्या बंदूककाराकडे पडावे लागते. चेंबर कोणत्या काडतुसाचा आहे, नळीचा प्रत्यक्ष व्यास किती, सांधे घट्ट आहेत का, पूर्वी कोणी चेंबर बदलला आहे का, हे ठरल्याशिवाय पुढचे सारे निरर्थक असते. जुन्या नळ्यांचे व्यास सारखे नसतात; पातळ नळीतून आधुनिक, एकजिनसी धातूची कठीण गोळी झाडल्यास नळीवर अनाठायी ताण येतो.

दुसरा पुरावा दोन नळ्यांच्या जुळणीत दडलेला आहे. उजवी नळी झाडली की धक्क्याने रायफल किंचित उजवीकडे वळते, डावी झाडली की डावीकडे. हे जमेस धरून कारागीर दोन्ही नळ्या पुढच्या टोकाशी एकमेकींकडे झुकवून सांधतो. विशिष्ट वजनाची गोळी विशिष्ट वेगाने सुटली तरच दोन्ही गोळ्या एका जागी पडतात. गोळी सावकाश सुटली तर ती नळीत अधिक काळ राहते, तोवर रायफल अधिक वळते आणि दोन्ही नळ्यांचे मारे एकमेकांपासून दूर पडतात. वेग अति झाला तर मारे एकमेकांना छेदून उलट बाजूंना जातात. कारागिराने शंभर वर्षांपूर्वी ठरवलेला वेग अशा रीतीने लक्ष्याच्या कागदावर आजही ओळखता येतो.

वेग आणि दाब

या दोन पुराव्यांवर तक्ताविरहित भाराची पद्धत उभी राहिली. ऑस्ट्रेलियन लेखक ग्रॅम राइट यांनी ब्रिटिश दुनळी रायफलींवरील आपल्या ग्रंथात ती सविस्तर मांडली. पुंगळीत किती पाणी मावते यावरून तिची धारणक्षमता काढायची. तेवढ्याच क्षमतेच्या, तेवढ्याच व्यासाच्या आणि तक्ता उपलब्ध असलेल्या काडतुसाशी तुलना करायची. कॉर्डाइटच्या जागी योग्य गतीने जळणारी आधुनिक दारू निवडायची. तळच्या भारापासून अल्प अंतराने वर जात प्रत्येक पायरीवर वेगमापकाने वेग नोंदवायचा. आणि मूळ वेग गाठताच थांबायचे.

यातील मर्म दारूच्या निवडीत आहे. वेग हा दाबाचा साक्षीदार खरा, पण अर्धाच. गोळीला मिळणारा वेग नळीतील दाबाच्या एकूण कार्यावर ठरतो. पुंगळी व सांधे फोडणारा असतो तो दाबाचा शिखरबिंदू. झपाट्याने जळणारी दारू तोच वेग कितीतरी उंच शिखर गाठून देऊ शकते. त्यामुळे ‘वेग बरोबर, म्हणजे दाब बरोबर’ हे विधान सुयोग्य मंद दारूपुरतेच खरे. उलट, मंद दारू फार कमी भरून मोठी पुंगळी अर्धी रिकामी ठेवणे हेही धोक्याचे; प्रज्वलन अनियमित होते आणि दाब अनपेक्षितपणे उसळू शकतो. भाराला जशी वरची मर्यादा असते, तशी खालचीही असते.

फसवी चिन्हे

दाब वाढला आहे का, हे झाडलेल्या पुंगळीवरून ओळखण्याची जुनी रीत आहे : चपटा झालेला प्रायमर, बुडावर उमटलेले चकचकीत डाग, अडकून निघणारी पुंगळी. आधुनिक बोल्ट रायफलीत ही चिन्हे पाहून माघार घेण्यास काही वाव असतो, कारण .३०-०६ सारख्या काडतुसाची कमाल मर्यादाच दर चौरस इंचास ६०,००० पौंड आहे आणि चिन्हे साधारण त्या पट्ट्यात वा त्याच्याही वर दिसू लागतात. जुन्या दुनळी रायफलीचा कार्यदाब याहून पुष्कळ कमी असतो. तेथे प्रायमर चपटा होईपर्यंत सुरक्षित सीमा केव्हाच ओलांडलेली असते. चिन्ह न दिसणे हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे, हे या विषयातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य म्हणता येईल.

दुसरी फसगत आकड्यांच्या एककांची. ब्रिटिश नोंदींत दाब टनांत असतो. १७ टन म्हणजे गणिताने ३८,०८० पौंड. पण तो आकडा तांब्याच्या गोळीचा चेपा मोजून काढलेला असतो, तर आजचे आकडे विद्युत-स्फटिकाच्या संवेदकाने घेतले जातात. मोजमापाच्या पद्धतीने फरक किती पडतो, हे .३०८ विंचेस्टरवरून कळते. तिची अमेरिकी मर्यादा तांब्याच्या पद्धतीने ५२,००० एकके, तर स्फटिकाच्या पद्धतीने ६२,००० पौंड आहे; वस्तुतः दोन्ही आकडे एकाच मर्यादेचे होत. जुना टनांचा आकडा आधुनिक तक्त्याशेजारी ठेवून केलेली तुलना म्हणूनच दिशाभूल करते.

संगणकावर दाबाचा अंदाज बांधणाऱ्या प्रणाली आता उपलब्ध आहेत आणि शोध कोठून सुरू करावा हे ठरवण्यास त्या उपयोगी पडतात. परंतु दारूचे प्रत्येक उत्पादन थोडे वेगळे जळते, पुंगळ्यांची जाडी बदलते, नळ्यांची झीज बदलते. या गोष्टी त्याच रायफलीत तपासल्याशिवाय अंदाज हा अंदाजच राहतो. खात्री हवी असेल तर नळीवर ताणमापक बसवून किंवा दाबनळी असलेल्या प्रयोगशाळेकडे काडतुसे पाठवून दाब मोजून घेणे हाच मार्ग उरतो.

भारतातील स्थिती

भारतात हा छंद म्हणून खुला नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यास स्वतंत्र परवाना लागतो. रायफल बाळगण्याच्या परवान्यात ती मुभा येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर या रायफलींचे मूळ प्रयोजनही संपले. वारसाहक्काने आलेली अशी रायफल ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यासाठी वरील इतिहासाचा उपयोग वेगळा आहे. नळीवरील ठसे घासून पुसू नयेत, चेंबर बदलू नये आणि कपाटात सापडलेली जुनी कॉर्डाइट काडतुसे झाडून पाहू नयेत. त्यांच्याविषयी परवाना अधिकाऱ्यास कळवावे. तक्ता हरवला तरी रायफलीवरची नोंद टिकते. ती एकदा पुसली गेली की त्या रायफलीची मर्यादा सांगणारा पहिला साक्षीदारच नाहीसा होतो.